पाहुण्यांना धक्का, आपल्याला भिंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण मागण्या शेवटी आहेत.

बॅलार्ड पिअरचं नवं क्रूझ टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. साडेपाचशे कोटींच्या आसपास खर्च, वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता, एका वेळी पाच जहाजं लागण्याची सोय. इमारत देखणी आहे, प्रवाशांची सोय चांगली झाली आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण तेव्हापासून जो उठतो तो '१० लाख' हा एकच आकडा फेकतोय. १० लाख माणसं येतील, मुंबईचं सिंगापूर होईल, टॅक्सीवाल्यापासून भेळवाल्यापर्यंत सगळ्यांची चांदी होईल. हे ऐकलं की माझ्या डोक्यात एकच येतं. हे १० लाख लोक मुंबईत उतरून बघणार काय, आणि जहाज सुटल्यावर मुंबईच्या हातात राहणार काय?

हे विचारायचा मला थोडा अधिकार आहे. मी परवानाधारक टुरिस्ट गाइड आहे. पावसाळा संपला की क्रूझचा मोसम सुरू होतो आणि जहाजाच्या पाहुण्यांना एका दिवसात मुंबई दाखवणं हे माझं काम. राहायला माझगावात, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या जवळ. म्हणजे पाहुणे ज्या बंदरात उतरतात, त्याच बंदराच्या भिंतीच्या अलीकडे. त्यामुळे ही गोष्ट मला दोन्ही बाजूंनी दिसते.

आधी त्या आकड्याचं बघू. क्रूझचे प्रवासी दोन प्रकारचे. एक, जे मुंबईत जहाजात चढतात आणि गोवा, कोची, लक्षद्वीप करून परत येतात. हे आपले लोक. कुणी पुण्याचं, कुणी इंदूरचं, कुणी सुरतचं. विमानतळावरून किंवा स्टेशनवरून थेट बंदरात, बंदरातून थेट जहाजात. मुंबई बघायचा त्यांचा विचारच नसतो. दुसरे, ज्यांचं जहाज दुबईकडून किंवा कोलंबोकडून येतं, सकाळी लागतं आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सुटतं. शहर बघायला उतरतात ते हे. १० लाखांच्या घोषणेत दोन्ही प्रकार एकत्र मोजलेले असतात, आणि भाषणात मात्र सगळे १० लाख जणू गिरगावात वडापाव खायला येणार आहेत असं सांगितलं जातं.

आता शहर बघायला उतरणाऱ्याचा दिवस कसा जातो ते सांगतो.

जहाज पहाटे लागतं. कागदपत्रं, शिक्के, तपासणी होऊन माणूस बसमध्ये बसेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. संध्याकाळी पाच-साडेपाचला सगळे परत जहाजावर हवेत. मध्ये जेवण, मध्ये ट्रॅफिक. हातात आठ तास म्हणायचे, खरे साडेपाच. त्यात ठरलेली यादी: गेटवेला वीस मिनिटं फोटो. ओव्हलवरून राजाबाई टॉवर खिडकीतून. मरीन ड्राइव्हवरून चौपाटी. मलबार हिलची बाग. लॅबर्नम रोडवर मणिभवन. महालक्ष्मीच्या पुलावर धोबीघाट. येताना सीएसएमटीसमोर रस्त्याच्या पलीकडून फोटो. आणि हो, एका 'हस्तकला' दुकानात पाऊण तास. हा पाऊण तास कधीच कमी होत नाही. ट्रॅफिक लागला तर मणिभवन गळतं, दुकान गळत नाही. का, ते पुढे पैशाच्या हिशेबात सांगतो.

ही यादी कोणी केली? महापालिकेने नाही, राज्य सरकारने नाही, मुंबईकरांनी तर नाहीच. जहाज कंपनीच्या कार्यालयात, समुद्रापार कुठेतरी बसून केलेली आहे. तिथे मागच्या वर्षीची यादी यंदाच्या छापील पुस्तिकेत चिकटवतात. त्यातली निम्मी मुंबई साहेबाने बांधलेली आणि उरलेली निम्मी गरिबीची. मध्ये एकटे गांधीजी. या शहरात जन्मलेल्या, राबलेल्या, लढलेल्या माणसांना त्यात जागाच नाही.

उदाहरणं देतो. बंदराच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो त्याचं नाव पी. डिमेलो रोड. डिमेलो म्हणजे गोदी कामगारांचे पुढारी. ज्या माणसाने या बंदरातल्या मजुरांना संघटित केलं, त्याच्या नावाच्या रस्त्याला लागून पाहुण्यांचा मुक्काम असतो आणि ते नाव कोणी उच्चारत नाही. १४ एप्रिल १९४४ ला याच बंदरात, व्हिक्टोरिया गोदीत, दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो या घटनेमुळे. फेब्रुवारी १९४६ चं नौसैनिकांचं बंड याच पाण्यात झालं. यादीत? शून्य.

बस हुतात्मा चौकातून जाते. पुस्तिकेत त्याचं नाव अजून फ्लोरा फाउंटन, १८६४ चं कारंजं. बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक उभं आहे, हे मी माझ्या हिमतीवर सांगतो तेव्हा पाहुणे माना वळवून बघतात. गेटवेचंही तेच. पुस्तिका म्हणते, राजाच्या स्वागताची कमान. राजा १९११ मध्ये उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, बांधून झाली १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडून जहाजात बसली. ही दुसरी गोष्ट सांगितली की लोकांचे डोळे मोठे होतात. मग ती पुस्तिकेत का नाही? लंडनच्या पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून? अहो, लंडनचे पाहुणेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात.

एकदा एका अमेरिकन शिक्षिकेने मला विचारलं, "तुमच्या राज्यघटनेचे शिल्पकार याच शहरात राहायचे ना? त्यांचं घर कुठे?" राजगृह दादरच्या हिंदू कॉलनीत. चैत्यभूमी त्याच दादरला, समुद्रावर. धोबीघाटापासून बसने फार लांब नाही. पण यादीत दादरच नाही. त्या बाईंना मी पत्ता कागदावर लिहून दिला. त्यांचं जहाज संध्याकाळी सुटलं.

आता धारावी. यावर फेसबुकवर दर मोसमात एक भांडण होतं, म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. 'धारावी दाखवू नका, देशाची बदनामी होते' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. धारावी लपवायची गोष्ट नाही. तिथे कुंभारवाड्यात माठ आणि पणत्या घडतात, चामड्याचं काम होतं, साऱ्या शहराचं प्लास्टिक वेगळं होऊन परत कामाला लागतं. चूक आहे ती दाखवण्याच्या पद्धतीत. वीस-पंचवीस माणसांची रांग अरुंद गल्लीतून चालते, कोणाच्या तरी मोरीत आणि स्वयंपाकघरात डोकावते आणि पंचेचाळीस मिनिटांत बाहेर पडते. ज्यांच्या दारातून ही रांग जाते त्यांना कोणी विचारलेलं नसतं आणि तिकिटातला रुपयाही मिळत नाही. तिथल्याच पोरापोरींनी चालवलेल्या, फोटो न काढण्याची शिस्त पाळणाऱ्या फेऱ्या आहेत. तसं होत असेल तर जरूर दाखवा. नसेल तर ती सहल नाही, दुसऱ्याच्या घराची झडती आहे.

घारापुरीकडे वळू. लेण्यांना युनेस्कोचा मान १९८७ मध्ये मिळाला. जगातून लोक ती त्रिमूर्ती बघायला येतात आणि ती बघून कोणीही गप्प होतोच. पण बेटावर शेतबंदर, मोरबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत हे किती जणांना माहीत असतं? या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये. तोपर्यंत संध्याकाळी काही तास जनरेटर. लेणी बघून वरचे पाहुणे जहाजावर परतायचे, जिथे रात्रभर झगमगाट, आणि खालच्या गावातली पोरं जनरेटर बंद व्हायच्या आत अभ्यास उरकायची. जागतिक वारशाच्या पायथ्याशी! वारशाचा मान मिळाल्यावर तीस वर्षं कोणाच्या हे लक्षात आलं नाही.

आणि सोमवार. लेणी सोमवारी बंद असतात. जहाजांच्या तारखा कितीतरी महिने आधी ठरतात, तरी सोमवारी जहाज लागतंच. मग अर्ध्या जगातून आलेल्या माणसाला मी सांगायचं की आज बंद. जहाजाचं वेळापत्रक आणि लेण्यांची सुट्टी ही दोन कॅलेंडरं एकत्र ठेवून बघायला रॉकेट सायन्स लागत नाही. एक माणूस, एक टेबल आणि एक फोन पुरे.

त्याहून गंभीर गोष्ट बोटीची. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यात कामावरची माणसं होती, सहलीला निघालेली कुटुंबं होती. तेव्हापासून लाइफ जॅकेटकडे लक्ष वाढलं, हे चांगलंच. पण गेटवेच्या पायऱ्यांवरून बोटीत चढायची पद्धत आठवा. भरती-ओहोटीप्रमाणे पायऱ्या निसरड्या, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीत पाय टाकायचा, म्हाताऱ्या माणसाला दोघांनी धरून ओढायचं. एका बाजूला ७२ काउंटरांचं वातानुकूलित टर्मिनल, आणि दोन-अडीच किलोमीटरवर हे. दोन्हीकडे समुद्रच, दोन्हीकडे प्रवासीच.

आता पैशाचा हिशेब, ज्यावर कोणी बोलत नाही.

सहलीचं तिकीट पाहुणा जहाजावरच काढतो, डॉलरमध्ये. त्यातला मोठा वाटा जहाज कंपनी आपल्याकडे ठेवते. उरलेल्यातून मोठी एजन्सी घेते, ती छोट्या एजन्सीला देते, ती बसवाल्याला आणि गाइडला देते. माझ्या हातात येते ती दिवसाची मजुरी, आणि टिप मिळाली तर टिप. यादीतलं ते दुकान का गळत नाही ते आता कळलं असेल. तिथे विक्रीवर टक्केवारी असते. पाहुण्याचं जेवण? बरेचसे जहाजावरच परत जाऊन जेवतात, कारण त्याचे पैसे आधीच भरलेले. रात्रीची झोप जहाजावर. म्हणजे हॉटेलला काही नाही, खानावळीला काही नाही. भेळवाल्याकडून तर ते पाण्याच्या भीतीने काही घेतच नाहीत. शहराने रस्ता द्यायचा, पोलीस द्यायचे, गेटवेचा कचरा उचलायचा आणि पाहुण्याने पाण्याची बाटलीसुद्धा जहाजावरून आणायची.

गेल्या मोसमात मी ज्या एजन्सीसाठी काम केलं, नाव घेत नाही, त्यांनी सकाळी सहाला बोलावलेल्या बस ड्रायव्हरांसाठी लघवीची सोयसुद्धा केली नव्हती. अकरा तासांची ड्यूटी. पाहुण्यांच्या बसमध्ये थंडगार टॉवेल आणि ड्रायव्हरने झाडामागे जायचं. एका ड्रायव्हरदादाने मला विचारलं, "सर, या १० लाखांत आपण मोजलोय का?" मी काय सांगणार?

आता भिंतीविषयी.

माझगाव, डोंगरी, दारूखाना, रे रोड, शिवडी, वडाळा. ही सगळी वस्ती समुद्राला लागून आहे. नकाशा काढून बघा. पण इथल्या माणसाला समुद्र दिसत नाही. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ मध्ये स्थापन झाला, मग एकेक गोदी होत गेली. प्रिन्सेस गोदी, व्हिक्टोरिया गोदी, अलेक्झांड्रा गोदी म्हणजे आताची इंदिरा गोदी. काम होतं, हजारो माणसं पोट भरत होती, तेव्हा भिंत समजण्यासारखी होती. माझे आजोबा गोदीत हमाल होते, त्यांना त्या भिंतीच्या आत रोजी मिळायची. पण न्हावाशेवा झालं, मोठा माल तिकडे गेला, कामगार घटत गेले, प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या भरूनही टाकल्या. काम गेलं, भिंत राहिली.

माझगावात समुद्र बघायचा तर भंडारवाड्याच्या टेकडीवर चढावं लागतं, जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात. हे काका बॅप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी, पुढे मुंबईचे महापौर झालेले. संध्याकाळी तिथे बाकांवर म्हातारी माणसं बसतात, पोरं कठड्याला टेकतात आणि खाली बंदराकडे बघतात. पांढरंशुभ्र जहाज लागलेलं असतं, दहा-बारा मजली. वस्तीतल्या पोरांना त्याचं नाव पाठ, कंपनी पाठ. हात लावता येईल इतक्या जवळ, आणि जायला वाट नाही. पश्चिमेच्या मुंबईकराला मरीन ड्राइव्ह आहे, चौपाटी आहे, शिवाजी पार्कची वाळू आहे, वरळीचा कट्टा आहे. पूर्वेच्या मुंबईकराला भिंत.

पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याची चर्चा आजची नाही. केंद्राने २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली, तिचा अहवाल आला, त्यानंतर आराखडे आले, चित्रं आली. चित्रात सायकल ट्रॅक, हिरवळ, फुगे घेतलेली मुलं. सुमारे १८०० एकर जमिनीची गोष्ट आहे ही. एवढ्या वर्षांत त्यातून घाईघाईने, ठरवून, पैसे लावून पूर्ण झालं काय? तर पाहुण्यांचं टर्मिनल. चित्रातली मुलं कुठे आहेत? बॅप्टिस्टा बागेच्या कठड्यावर.

हाच माझा मुद्दा आहे. क्रूझला माझा विरोध नाही, माझं पोट त्यावर आहे. पण ज्या किनाऱ्यावर पाहुण्याला सकाळी मानाने उतरवता, तो किनारा त्या किनाऱ्यावरच्या माणसाला वर्षाचे ३६५ दिवस बंद ठेवता, याला आतिथ्य म्हणत नाहीत. घरातल्यांना माजघरात कोंडून पाहुण्यांसाठी ओसरी सजवल्यासारखं आहे हे.

यावर काय बोललं जाईल ते मला माहीत आहे, म्हणून आधीच उत्तर देतो.

"बंदर म्हणजे सुरक्षेचा प्रश्न. २६/११ विसरलात?" नाही विसरलो. ते दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्यांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळ्यांनीच. किनाऱ्यावर राहणारा माणूस हाच किनाऱ्याचा पहिला पहारेकरी असतो. शिवाय ज्या टर्मिनलमध्ये दिवसाला हजारो अनोळखी माणसं तपासून आत-बाहेर करता येतात, तिथे शेजारच्या वस्तीतली चारशे माणसं रविवारी तपासून आत घेता येत नाहीत, हे मला पटत नाही.

"पाहुण्यांवर कर लावला तर जहाजं कोलंबोला जातील." जगाकडे बघा. व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरच्या पाण्यात यायला बंदी केली, आणि एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. दुब्रोवनिकने २०१९ मध्ये जहाज कंपन्यांच्या संघटनेशी बसून दिवसाला दोनच जहाजं असं ठरवून घेतलं. अलास्कातल्या जुनोने २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर शुल्क लावलं, सान्तोरिनी आणि मिकोनोसला भर मोसमात माणशी २० युरो. बार्सिलोनाने २०३० पर्यंत सातची पाच टर्मिनल करायचं ठरवलं. यातल्या कोणाचं बंदर ओस पडलं? त्यांच्याकडे गर्दी झाली, लोक भडकले आणि मग नियम आले. आपल्याकडे अजून गर्दी व्हायची आहे. म्हणजे भांडण न करता नियम करायची संधी आहे. कधी नव्हे ते आपण वेळेवर आहोत.

"आपले लोकही बाहेर जाऊन हेच करतात." करतात ना. मुंबईहून निघालेलं जहाज मुरगावला लागलं की आपले लोक पाच-सहा तासांत जुनं गोवं, मंगेशी, पणजी उरकतात. कोचीला चिनी जाळ्यांपुढे सेल्फी काढून परत जहाजावर. मुरगावच्या आणि फोर्ट कोचीच्या माणसानेही आपल्याकडून हक्काने काहीतरी वसूल करावं, असंच माझं मत आहे. नियम परदेशी-देशी बघून नको. जो जहाजातून येईल, त्या सगळ्यांना सारखा.

तर मागण्या. तीनच आहेत.

पहिली. जहाजातून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे शहर-शुल्क. समजा माणशी २०० रुपये धरले. त्यांचाच १० लाखांचा आकडा खरा मानला तर वर्षाला २० कोटी होतात. एवढ्या मोठ्या जहाजाच्या तिकिटात २०० रुपये ही कोणाला टोचणारी रक्कम नाही. हे पैसे महापालिकेच्या महासागरात ओतायचे नाहीत. वेगळं खातं, आणि खर्च फक्त तीन गोष्टींवर: पूर्व किनाऱ्यावरच्या मोकळ्या जागा, गेटवे ते भाऊचा धक्का इथल्या साध्या प्रवाशांच्या बोटींची चढ-उतार, आणि स्वच्छतागृहं. ड्रायव्हरदादांसाठीसुद्धा. दर मोसमाच्या शेवटी हिशेब जाहीर. भाऊचा धक्का १८४१ साली लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांनी, म्हणजे भाऊंनी, कोकणातल्या प्रवाशांचे हाल बघून बांधला. एका माणसाला तेव्हा जे सुचलं ते एवढ्या मोठ्या सरकारला सुचायला हरकत नाही.

दुसरी. भिंतीत दार. पूर्ण पूर्व किनारा उद्या उघडा असं म्हणत नाही. सुरुवात टर्मिनलपासून करा. पावसाळ्यात क्रूझ नसतात, जहाज नसलेले दिवस मोसमातही असतात. त्या दिवशी, तपासणी करून, साध्या ओळखपत्रावर, टर्मिनलचा समुद्राकडचा भाग नागरिकांना खुला करा. मोफत. पहिला मान माझगाव, डोंगरी, दारूखाना, शिवडीच्या शाळांना. आणि जिथे गोदीचं काम कायमचं थांबलं आहे तिथे पाण्याकाठी चालायची एक पट्टी, मग ती अर्धा किलोमीटर का असेना, तारीख लिहून जाहीर करा. चित्रं पुरे झाली.

तिसरी. यादी आपण करायची. बंदरात उतरणाऱ्या जहाजाच्या सहलींना परवानगी देताना राज्य सरकारने अट घालावी: निदान एक थांबा इथल्या माणसांच्या मुंबईचा. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय घ्या. १८७२ पासून उभं आहे, बंदरापासून जवळ आहे, आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं तो हत्ती त्याच्या आवारात आहे. गिरणगाव घ्या, जिथे १९८२ चा संप झाला. राजगृह घ्या, चैत्यभूमी घ्या. एखादा कोळीवाडा घ्या, पण तिथल्या लोकांना विचारून, दर ठरवून, जेवण त्यांच्या हातचं आणि पैसे थेट त्यांच्या हातात. आणि जहाज सोमवारी लागणार असेल तर घारापुरीचं काय करायचं ते मोसमाच्या आधी ठरवा.

गाइड मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणं आहे. पुस्तिकेत नसलं तरी डिमेलोंचं नाव घ्या, हुतात्मा चौकाला हुतात्मा चौक म्हणा, १९४८ ची गोष्ट सांगा. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मी सांगतो, आजवर एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. उलट टिप वाढते, स्वानुभव!

आणि बाकीच्यांना विनंती. ही पोस्ट आवडली तर नुसता अंगठा दाखवून पुढे जाऊ नका. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला एक साधा प्रश्न लिहून पाठवा: "बॅलार्ड पिअरला समुद्र बघायला मी, मुंबईचा रहिवासी, कुठल्या दिवशी येऊ?" उत्तर आलं तर कमेंटमध्ये टाका. नाही आलं तर तेही टाका, तारखेसकट. पुढच्या मोसमाचं पहिलं जहाज लागायच्या आत मला ती सगळी उत्तरं एकत्र करून पर्यटन खात्याकडे द्यायची आहेत. सोबत कोण येतंय ते खाली लिहा.